मर्जी असेपर्यंत

प्रिकॅरिटी हा शब्द सध्या चर्चासत्रांना भलताच मानवला आहे. निमंत्रणपत्रिकेवर छापला की पत्रिकेला वजन येतं, आणि मराठी प्रतिशब्दाच्या वादात चहापर्यंतचा वेळ आरामात निघतो. अस्थैर्य म्हणावं की अनिश्चितता? की सरळ असुरक्षितता? बीजभाषण करणारे सर कायम असतात, सातव्या वेतन आयोगातले. माइक खरखरला की धावणारा, शाल-श्रीफळाचं ताट धरणारा, प्रमाणपत्रांवर नावं घालत बसलेला तो सीएचबीवाला, म्हणजे तासिका तत्त्वावरचा. विषयावर बोलायला त्याच्याइतका लायक माणूस सभागृहात दुसरा नसतो. म्हणून त्याला आभारप्रदर्शन देतात.

शब्द मात्र खानदानी आहे. लॅटिनमध्ये ‘प्रेक्स’ म्हणजे विनवणी. देवापुढची किंवा धन्यापुढची. त्यावरून ‘प्रेकारियस’: विनवणी करून मिळालेलं. पदर पसरला, समोरच्याच्या मनात आलं, पदरात पडलं. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात शिरला तेव्हाही त्याचा अर्थ ‘दुसऱ्याच्या मर्जीवर टिकून असलेलं’ असाच होता. पुढे वापरून वापरून मर्जीवाला झिजला. उरलं काय, तर डळमळीत, धोक्याचं, कधी कोसळेल सांगता येत नाही असं काहीतरी. आता कडाही प्रिकॅरियस, तब्येतही प्रिकॅरियस आणि नोकरीही प्रिकॅरियस. कड्याला कुणी नियुक्तीपत्र दिलेलं नसतं, हा फरक त्यात वाहून गेला.

तो झिजलेला माणूस पुन्हा शब्दात आणून बसवावा, एवढीच या आठवड्याची मागणी. असुरक्षितता पावसासारखी आभाळातून पडत नाही. कुणाच्या तरी सहीने ती येते. सही वाचता येत नाही ही गोष्ट वेगळी.

भाऊबंदकी काढायला गेलं तर हा शब्द आपल्याच घरातला निघतो. प्रेक्सच्या मुळाशी जो जुना धातू आहे, त्याचंच संस्कृत रूप प्रच्छ्. त्यातून पृच्छा आली, प्रश्न आला. फारसीत पुर्सीदन, जर्मनमध्ये फ्रागेन. आणि प्राकृतातून घरंगळत आलेलं आपलं साधं पुसणं; ‘मला कोण पुसतो’ आणि ‘विचारपूस’ यांतलं. एकाच मुळाच्या या फांद्या. वरच्या माणसाने विचारलं की त्याला प्रश्न म्हणतात, खालच्याने विचारलं की विनंती. विधानसभेत प्रश्न असतो, तोही तारांकित. कचेरीत अर्ज असतो, त्याला कोर्ट फी स्टँप.

मराठीत आणखी एक पुसणं आहे. पाटी पुसतो ते. त्याचं कुळ वेगळं, संस्कृत ‘प्रोञ्छ्’चं, पण झिजून झिजून रूप हुबेहूब झालं. व्याकरणवाले याला योगायोग म्हणतील. जूनमध्ये ज्याला पुसलं आणि मार्चमध्ये ज्याला हजेरीपटावरून पुसून टाकलं, त्याला तो तसा वाटणार नाही.

रोमन मंडळी या बाबतीत निर्लज्ज होती, म्हणजे प्रामाणिक होती. त्यांच्याकडे ‘प्रेकारियम’ नावाची सोयच होती. बड्या जमीनदाराने आश्रिताला जमिनीचा तुकडा वापरायला द्यायचा. भाडं नाही, करार नाही, हक्क नाही. तिसऱ्या शतकातल्या उल्पियन नावाच्या विधिज्ञाने तिची व्याख्या केली. तिचा मतलब असा, की मागणाऱ्याला त्याच्या विनवणीवरून वापरायला दिलेलं, देणारा चालवून घेईल तोपर्यंत. जस्टिनियन बादशहाने इ.स. ५३३ मध्ये विधिज्ञांच्या मतांचा जो महासंग्रह काढला, त्यात या विषयाचं स्वतंत्र प्रकरण आहे. कसणाऱ्याला शेजाऱ्याने हुसकावलं तर कायदा कसणाऱ्याच्या बाजूने. धन्याने हुसकावलं तर कायदा धन्याच्या बाजूने. संरक्षण होतं, फक्त ज्याच्यापासून हवं त्याच्यापासून नव्हतं.

आपल्याकडचा कंत्राटी नियुक्ती आदेश याहून सभ्य असतो. ‘सदर नेमणूक निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची असून’ इथून जे वाक्य सुटतं, ते पाच ओळींनी ‘हक्क सांगता येणार नाही, याची नोंद घ्यावी’ इथे येऊन टेकतं. मध्ये कर्ता नाही. नेमणूक संपुष्टात येते, कुणी आणत नाही. सेवा खंडित होते, कुणी करत नाही. कोणतंही कारण देण्यात येणार नाही. आणि कोण देणार नाही, तेही देण्यात येणार नाही. उल्पियनच्या व्याख्येत निदान देणारा होता. कचेरीच्या मराठीत तो कर्मणी प्रयोगाआड बसतो आणि तिथूनच ‘आदेशानुसार व नावाने’ सही करतो.

आदेशासोबत एक स्टँप पेपर लागतो. त्यावर हमीपत्र. हमी कुणी द्यायची? ज्याच्या नोकरीची हमी नाही त्याने. कशाची? नियमित करा म्हणून कधी मागणी करणार नाही, याची. स्टँपचे पैसेही त्याचेच. रोमन धन्याला हे सुचलं नव्हतं.

मर्जी तशी राज्यघटनेतही आहे. अनुच्छेद ३१० प्रमाणे सरकारी नोकर राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो. ब्रिटिश राजाकडून आलेला वारसा. पण घटनाकारांनी लगेच पुढच्या अनुच्छेदात, ३११ मध्ये, त्या मर्जीला वेसण घातली: आरोप सांगा, बाजू मांडू द्या, मग काय ते करा. कायम नोकरी म्हणजे ३१० अधिक ३११. कंत्राटी नोकरी म्हणजे नुसतं ३१०, आणि राज्यपालांच्या जागी एजन्सीचा सुपरवायझर. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत अतिकुशलपासून अकुशलपर्यंत सगळं मनुष्यबळ घेण्याचा आदेश काढला. ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये तो रद्द करायची घोषणा झाली. आदेशसुद्धा कंत्राटीच निघाला.

हे सगळं विलायतेहून आलं असं मात्र कुणी समजू नये. पेशवाईत गावात कसणारे दोन तऱ्हेचे: मिरासदार आणि उपरी. मिरास हा मूळ अरबी शब्द, वारसा या अर्थाचा. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो परागंदा झाला तरी वर्षानुवर्षांनी परत येऊन तिच्यावर हक्क सांगू शकायचा. उपरी बोलीवर. पेशव्यांचा मुलूख घेतल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला, त्यात या दोघांची ओळख करून दिलेली आहे. उपऱ्याला तेव्हा एक सोय होती. सारा परवडेनासा झाला तर तो उठून दुसऱ्या गावी जायचा, कारण पडीक रान पुष्कळ आणि कसणारे हात थोडे. आजच्या उपऱ्याची नेमकी हीच सोय गेली. हात पुष्कळ झाले. (मिरासदार या आडनावाने मराठीला एक थोर विनोदी कथाकार दिला. उपऱ्यांच्या वाट्याला लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ आलं. दोन्ही वाचलेल्याला महसूल कायदा निराळा शिकावा लागू नये.)

मुंबईच्या गिरणगावात याच माणसाला बदली म्हणायचे. सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं आणि गैरहजर कामगाराच्या जागी जॉबर ज्याच्याकडे बोट करील त्याने आत जायचं. बोट आपल्याकडे वळावं म्हणून दस्तुरी. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कार्डं काढली. विनवणीला निदान नंबर मिळाला.

घराचंच बघा ना. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणारा स्वतःला भाडेकरू समजतो. खरा भाडेकरू म्हणजे पागडीवाला. त्याला हलवता हलवता मालकांच्या दोन पिढ्या स्वर्गवासी झाल्या. बाकीच्यांच्या हातात असतो लिव्ह अँड लायसन्सचा करार, बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा. यातल्या ‘लिव्ह’चा अर्थ सोडून जाणे असा बरेच जण लावतात, आणि अनुभवाने तो बरोबरही ठरतो. कायद्यात लिव्ह म्हणजे परवानगी. १८८२ च्या इझमेंट्स अ‍ॅक्टप्रमाणे लायसन्सने जागेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. तुमचं तिथे असणं बेकायदा ठरत नाही, एवढंच. उल्पियन ठाण्यात फ्लॅट शोधत आला असता तर एजंटाला त्याला फारसं काही समजावून सांगावं लागलं नसतं. भाडं, डिपॉझिट आणि ‘फॅमिलीवालेच पाहिजेत’ एवढं सोडून.

आता खरी गंमत. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, मालकाच्या नाकावर टिच्चून, सलग बारा वर्षं बसलात आणि मालक झोपून राहिला, तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे त्याचा दावाच संपतो. जमीन तुमची. (सरकारी जमिनीला तीस वर्षं लागतात. सरकारला जाग यायला वेळ लागतो, हे कायद्यालाही मान्य आहे.) या कब्जाला तीन पथ्यं आहेत, थेट रोमपासून चालत आलेली, आपल्या न्यायालयांच्या निकालांतही लॅटिनमध्येच येणारी. बळजबरीने नको. लपूनछपून नको. आणि ‘प्रेकारिओ’ नको, म्हणजे विनवणी करून मिळवलेला नको.

पुन्हा वाचा. दांडगाई, चोरी आणि ‘साहेब, राहू का?’ एका रांगेत! ज्याने विचारलं तो पन्नास वर्षं राहिला तरी उपरा. ज्याने विचारलंच नाही तो बारा वर्षांत मालक. ‘दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारावं, बाळा’ असं शिकवणारे आईबाप मुलांचं केवढं नुकसान करतात!

हाच हिशेब नोकरीला लावून बघू. एका खुर्चीवर उघडपणे, मुख्याध्यापकांच्या किंवा साहेबांच्या डोळ्यांसमोर, हजेरीपटावर सही करत वीस वर्षं बसलेला माणूस. त्याची वहिवाट होते का? नाव सोडा. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने उमादेवी प्रकरणात सांगितलं, की तात्पुरती नेमणूक डोळे उघडे ठेवून स्वीकारणाऱ्याला नंतर ‘कायम करा’ असा हक्क सांगता येत नाही. त्यामागे मागच्या दाराने होणाऱ्या भरतीला चाप लावायचा हेतू होता, आणि मंजूर पदांवर दहा वर्षं काढलेल्यांसाठी एकवेळची सवलतही त्यात होती. खात्यांनी हेतू फायलीत ठेवला, सवलत त्याच्याखाली ठेवली आणि निकाल तेवढा तोंडपाठ केला. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं झाडलोट आणि बागकाम करणाऱ्यांच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाला सांगावं लागलं, की दीर्घकाळ राबलेल्यांचे न्याय्य दावे मोडून काढायला उमादेवीचं हत्यार करू नका. डोळे उघडे ठेवून म्हणे! दुसरी नोकरी दिसत नसते म्हणून तर माणूस सही करतो.

कब्जात सलगपणा लागतो, हे धन्यांना पक्कं ठाऊक. म्हणून ब्रेक. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले की सेवा सलग धरायची असं ठरलं, आणि कारखान्यांतली माणसं २४० च्या अलीकडेच ब्रेकवर जाऊ लागली. सरकारी कंत्राटात मुदत संपली की एक-दोन दिवसांचा ‘तांत्रिक खंड’. त्या दिवशी काम असतं. कधी कधी माणूसही असतो, चावीही त्याच्याकडेच असते. तो फक्त तांत्रिकदृष्ट्या नसतो. जमिनीवर ठाण मांडलेल्याला कुणी तांत्रिक खंड दिल्याचं ऐकिवात नाही.

पगारालाही मग पगार म्हणता येत नाही. मानधन म्हणायचं. संस्कृतात मानधन म्हणजे ‘मान हेच ज्याचं धन आहे तो’, स्वाभिमानी पुरुष. सरकारने शब्दाचा मूळ अर्थ शोधून तो जसाच्या तसा लागू केला. २००० साली राज्यात शिक्षण सेवक योजना आली: तीन वर्षं सेवक, मग शिक्षक. प्राथमिकच्या सेवकाला सुरुवातीला महिना ३,००० रुपये. २०२३ मध्ये ते १६,००० पर्यंत आले. फळ्यावर तेच गणित, वर्गात तीच पोरं, पण पहिली तीन वर्षं शिकवायचं नाही, सेवा करायची. आशा आणि अंगणवाडीच्या बायकांना तर सेविका हे पद जन्मभराचं. आरोग्याची आकडेवारी त्यांच्या वहीवर उभी, पण त्या ‘स्वयंसेविका’. स्वयंसेवा संध्याकाळपर्यंत ऑनलाइन भरली नाही तर वरून फोन येतो.

आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे ‘कायम विनाअनुदानित’. २००१ नंतर परवानगी मिळालेल्या शाळांना हे बिरूद लागलं. कायम हा शब्द एरवी काय सुंदर! अरबी ‘काइम’ म्हणजे उभा असलेला. साऱ्या महाराष्ट्रातले कर्मचारी ‘कायम करा’ म्हणून घोषणा देत असताना या शाळांतले शिक्षक ‘कायम काढा’ म्हणून आंदोलनं करत होते. सरकारने त्यांना कायम केलं होतं, पण पगार नसण्यात. २००९ मध्ये तो शब्द निघाला. शब्द काढायला लागली आठ वर्षं. मग अनुदान टप्प्याटप्प्याने, २० टक्क्यांपासून पुढे. पाचवा हिस्सा पगार घेणारा शिक्षक अपूर्णांक चांगला शिकवत असणार.

विनवणी आता छापील अर्जावरून मोबाइलवर आली, एवढीच काय ती प्रगती. रात्री साडेदहाला दारात पिशवी घेऊन उभा असलेला पोरगा कंपनीच्या लेखी पार्टनर असतो. पिशवी देतो, हेल्मेट काढत नाही, आणि जाता जाता वळून म्हणतो, “दादा, फाइव्ह स्टार द्या ना.” कुठल्याही कोशापेक्षा प्रेकारियसचा अर्थ यात जास्त स्पष्ट आहे. तुमच्या अंगठ्याखाली पाच चांदण्या, आणि त्यांच्यावर त्याच्या उद्याच्या ऑर्डरी. आपण पिझ्झा थोडा निवला म्हणून तीन देतो आणि झोपतो. चांदण्या घसरत गेल्या की त्याची ‘आयडी बंद’ होते. नोटीस नाही, साहेब नाही, विनवायचं कुणाला तर चॅटबॉटला. रोमन आश्रिताला निदान धन्याचे पाय तरी धरता येत.

विनवणीच करायची तर देवाला का नको, असा सरळ विचार इटलीच्या पोरांनी केला. मिलान शहर, २९ फेब्रुवारी २००४, वार रविवार. चेन स्टोअर आणि कॉल सेंटरमध्ये तात्पुरत्या करारावर राबणाऱ्यांच्या चळवळीने एक नवा संत घडवला: सान प्रेकारियो. त्याचा पुतळा केला, प्रार्थनेची कार्डं छापली, आणि रविवारीही उघड्या असलेल्या सुपरमार्केटात त्याची मिरवणूक नेली. अर्थतज्ज्ञ गाय स्टँडिंग यांचं ‘द प्रिकॅरियट’ त्यानंतर सात वर्षांनी, २०११ मध्ये आलं आणि मग हा शब्द जगभर झाला. चर्चासत्रवाले पुस्तकाचा हवाला देतात. संताचा देत नाहीत, कारण संताला आयएसबीएन नाही.

पोरं तिथेच थांबली नाहीत. फेब्रुवारी २००५ मध्ये मिलानच्या फॅशन वीकच्या कार्यक्रमात सेर्पिका नारो नावाची एक अँग्लो-जपानी डिझायनर दाखल झाली. वेबसाइट होती, प्रसिद्धीपत्रकं होती, बोलबाला होता. बाई मात्र नव्हती. मग उलगडा झाला: सेर्पिका नारो ही सान प्रेकारियोचीच अक्षरं उलटसुलट मांडून केलेली. जाडजूड करार असलेल्या बड्या घराण्यांच्या मांडवात मर्जीवरची माणसं न विचारता शिरली होती.

या संताचा सण २९ फेब्रुवारीलाच. चार वर्षांतून एक दिवस हजेरी, मधली तीन वर्षं ब्रेक. पुढची नेमणूक २०२८ ची.